आयविनची न दिसणारी होडी

हॉल्मविग,
सप्टेंबर संपत आला

प्रिय व्हिगो,

फोनवर तू "हं" आणि "बरं" यापलीकडे काही बोलत नाहीस, आणि मी जरा बोलायला लागले की नेमकं तुझं दार वाजतं. आल्बोर्गच्या त्या चौथ्या मजल्यावर तुझ्याकडे इतकी माणसं येत असतील तर मला आनंदच आहे, पण माझा त्यावर विश्वास नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. ते मध्येच खाली ठेवलंस तरी तिथंच पडून राहील, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, तासाभरानं उचलशीलच. कॉफी करून घे आणि सावकाश वाच.

मुलींना मी सांगते की आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुला तसं सांगण्यात अर्थ नाही, तू भाऊ आहेस, माझं खोटं तुला लहानपणापासून कळतं. जुलैत आयविन बटाट्यांच्या वाफ्यात पडला. मी खिडकीतून पाहत होते. तो फावडं घेऊन उभा होता आणि मग उभा नव्हता, इतकंच मला दिसलं. मी चपला न घालता धावले. पोचले तेव्हा तो मातीत बसून फावड्याकडे असा रागानं बघत होता की जणू त्यानंच ढकललं. म्हणाला, "पाय घसरला." पंधरवडाभर पाऊस नव्हता, माती कोरडी ठणठणीत. ओढून डॉक्टरांकडे नेलं. बाई भली आहे. म्हणाली, रक्तदाब कधीकधी एकदम खाली उतरतो, गोळ्या घ्या, शिडीवर चढू नका, एकटं लांब जाऊ नका. तो शाळेतल्या पोरासारखा मान डोलावत होता. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाला, "होडी काही उंच नसते." तेव्हा मला कळलं की पाण्यावर जायचं त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही.

तर मला होडीबद्दल लिहायचंय. तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, पडू देत. तुमची दोघांची ती बदकांच्या शिकारीची मोठी होडी आयविननं विकली याचा तुला राग आहे हे मला माहीत आहे. पण तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर, तुझ्याच वाढदिवसाला, भरल्या टेबलावर तू काय म्हणालास ते आठव. "मेव्हण्या, एकट्याची होडी बघ आता, या लंगड्याला कुठवर ओढशील?" तुला वाटलं तो हसेल, नाही तर भांडेल. आयविन ना हसला, ना भांडला. त्याला सांगितलेलं तो ऐकतो, हाच तर त्याचा दोष आहे. त्यानं होडी विकली आणि मग गेलं सगळं वर्ष तो पाण्यावर गेलाच नाही. हे तुला कोणी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. बंदूक कपाटातून निघाली ती फक्त तेल लावण्यापुरती. ऑक्टोबरात शीळ घालत बदकं आली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहायचा, आणि मी आत आले की लगेच नळ दुरुस्त करायला घ्यायचा. नळ चांगला होता. व्हिगो, त्या हिवाळ्यात तो रोज थोडा थोडा कमी होत गेला. आधी जेवण कमी, मग बोलणं, मग चिडणंसुद्धा. चिडेनासा झाला तेव्हा मी घाबरले. त्यामुळे वसंतात तो जेवताना म्हणाला, "एका माणसाची होडी बघावी म्हणतो," तेव्हा मी पटकन "बघ की" म्हणून गेले. वाफ्यातलं पडणं त्यानंतरचं. तोवर होडी घरात आली होती.

निवडायला मी बरोबर गेले होते, त्याला आवडलं नाही तरी. पहिली होडी एका फॉरेस्टवाल्याकडची, सपाट बुडाची. उथळ पाण्यात ठीक, पण लाट आली की बुडावर थाप मारल्यासारखा आवाज करते, तो आवाज ऐकून बदकं पार नॉर्वेत जातील, असं आयविन म्हणाला. दुसरी फायबरची होती, नवी, तरुण पोरांच्या आवडीची, लांब आणि अरुंद, आत आडवं होऊन लपायची. विकणारा म्हणाला, "झोपून बघा, काका." आयविन आत आडवा झाला, हात छातीवर घेतले, डोळे मिटले आणि म्हणाला, "छान बसतेय." मला त्या क्षणी जे दिसलं ते मी इथं लिहिणार नाही. मी म्हटलं, ही घरात आली तर मी घरात नाही. विकणाऱ्याला वाटलं मला रंग आवडला नाही.

तिसरी मिळाली ती खाडीच्या पलीकडे एका विधवेच्या कोठारात. लाकडी, फळीवर फळी चढवून बांधलेली, आखूड आणि पोटाशी रुंद, पुढचा भाग फळ्यांनी झाकलेला, मधे माणूस बसेल एवढंच भोक. आयविन म्हणाला, फार रुंद आहे, वल्हवायला जड. म्हणाला, कडा चार बोटं उंच आहेत, बदकांना दिसतील. मी म्हटलं, त्या चार बोटांवर माझा जीव आहे. मग तो त्या बाईशी तिच्या नवऱ्याबद्दल बोलत उभा होता तेव्हा मी स्कर्ट गोळा करून होडीत शिरले आणि आडवी झाले. हसू नकोस. मला बघायचं होतं की तिथून काय दिसतं. काहीच दिसत नाही. कोठाराचं छप्पर दिसलं आणि माझ्या बुटांची टोकं. बाहेरचं जग त्या कडांच्या मागं संपतं. त्या बाईनं मला तिथं बघितलं आणि न हसता म्हणाली, "मी पण झोपून पाहिलं होतं एकदा." मग आम्ही तीच घेतली. आयविनचा नाइलाज झाला, आम्ही बायका दोघी होतो.

त्यानंतर सुरू झाली आमची खरी लढाई. सगळा उन्हाळा तो ती होडी लपवायच्या मागं आणि मी तिला वाचवायच्या मागं. त्यानं हेरिंग मासळीचं जुनं जाळं आणलं आणि माझ्या जॅमच्या मोठ्या पातेल्यात कांद्याच्या सालांबरोबर उकळलं, वाळक्या गवताचा रंग यावा म्हणून. पातेलं गेलंच, त्यातला जॅम आता तूच खाशील. त्यानं कडांना कड्या लावून बोरूच्या गवताच्या जुड्या खोचायची सोय केली. मी पुढच्या फळ्यांखाली बुचाच्या लाद्या ठासून भरल्या, म्हणजे पाणी भरलं तरी बुडायची नाही. त्यानं सगळं चिखलाच्या रंगानं रंगवलं, वल्हीसुद्धा, त्याचा डबासुद्धा. मी मागच्या बाजूला दोराचा फास बांधला, रिकिबीसारखा, पाय घालून पाण्यातून वर चढता यावं म्हणून. तो फास त्यानं बघितला, ओढून पाहिला. मग म्हणाला, "गाठ चुकीची आहे," आणि सोडून स्वतः नीट बांधली. पाणी काढायच्या भोकाचं बूच तो विसरतो हे तुला माहीत आहेच, तुम्ही दोघं एकदा धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर बुडाला होतात. ते मी साखळीनं जखडून टाकलंय. जाकिटाला शिट्टी शिवली तेव्हा म्हणाला, "बदकांना ऐकू जाईल." मी म्हटलं, बुडताना वाजव, तेव्हा त्यांचं काय बिघडतंय.

नांगराचंही ऐक. तू नेहमी सांगायचास की वाऱ्यात मागून नांगर टाकला की लाट पाठीवरून आत येते, होडीचं नाक वाऱ्याकडेच पाहिजे. मी ते वाक्य चिमट्यानं धरून ठेवलं होतं. त्यानं मागचा नांगर जरा जड घेतला तेव्हा मी म्हटलं, व्हिगो काय म्हणायचा? त्यानं नांगर बदलला. माझं ऐकत नाही, तुझं अजून ऐकतो.

एक गोष्ट मात्र त्याला जमेना. पाठीला टेकायला फळी. तुमच्या होडीत तुम्ही पाठीला पाठ लावून बसायचात, अर्धं आभाळ तुझं, अर्धं त्याचं. या होडीत मागं कोणी नाही. त्यानं एक फळी बसवली, काढली. दुसरी तिरकी बसवली, तिला कातडं ठोकलं, तेही काढलं. म्हणे कुठंतरी टोचतंय. शेवटी लोकरीची उशी भरून दिली मी. तीही पुरत नाही असं त्याच्या बसण्यावरून दिसतं, पण आता तक्रार करत नाही.

हे सगळं झालं आणि गेल्या आठवड्यात होडी पहिल्यांदा पाण्यात गेली. बंदूक नेली नव्हती, नुसती चाचणी. ठरलं असं की तो बोरूच्या कडेला जाऊन लपेल, पुढं खऱ्या बदकांना भुलवायची लाकडी बदकं सोडेल, आणि मी होडीघरापाशी दुर्बीण घेऊन उभी राहीन. मला तो दिसला की मी उशीचा पांढरा अभ्रा हलवायचा, म्हणजे त्याला कळेल कुठं कमी पडतंय. वल्हवत गेला. टोपीत बोरू खोचलेला, लग्नाच्या दिवशी होता त्यापेक्षा खूश. वळणावर जुन्या खुंटांपाशी वळला, आणि मग मला दिसेना.

पहिल्यांदा मला गंमत वाटली. दुर्बीण डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. बोरू, पाणी, बोरू. लाकडी बदकं दिसत होती, त्यांच्या आसपास कुठंतरी असणार, पण कुठं? डोळ्यांतून पाणी यायला लागलं, वाऱ्यानं म्हण हवं तर. मग मला वाटलं की इतका वेळ कोणी न हलता बसूच शकत नाही. नाक तरी पुसेल. आणि ते मनात आलं मात्र, मला तो बटाट्यांचा वाफा दिसला. उभा होता आणि मग उभा नव्हता. मी हाक मारली. पुन्हा मारली. तू ओळखतोस माझा आवाज, लहानपणी तुला खाडीच्या त्या टोकावरून जेवायला आणायचा तो. काही नाही. शीळ घालत एक थवा आला, गोल फिरला आणि लाकडी बदकांत उतरला, तिथं माणूस नसल्यासारखा. ते बघून तर माझी खात्रीच पटली. जिवंत माणसाजवळ ती अशी उतरत नाहीत, असं मला वाटलं. मी धावत शेजारच्या थोर्वालकडे गेले. तो ईल माशांची जाळी दुरुस्त करत बसला होता, माझं तोंड बघून काही न विचारता त्यानं होडीचं इंजिन चालू केलं.

तो जवळजवळ आयविनच्या अंगावरच गेला, पुढचं मला त्यानंच सांगितलं. बोरूचा एक गठ्ठा उठून उभा राहिला आणि ओरडला, "थोर्वाल, गाढवा, सगळी उडवलीस." थोर्वाल म्हणाला, "तुझी बायको तिकडं तुझ्यासाठी रडतेय आणि तू बदकं राखत बसलायस?" आयविन म्हणाला, "ऐकलं मी. पण ती उतरत होती ना." बंदूक नव्हती, व्हिगो. मारायचं नव्हतं, घ्यायचं नव्हतं. माझ्या हाका त्याला ऐकू येत होत्या, सगळ्या. पण पाखरं उतरत असताना हलायचं नाही हे त्याच्या हाडांत इतकं मुरलंय की बायको किंचाळत असली तरी मान वळत नाही. तूही हेच केलं असतंस, नाही म्हणू नकोस.

किनाऱ्याला लागला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पहिली नात हातात दिली होती तेव्हाचा चेहरा. "दिसलो नाही ना? इतका वेळ? एकदाही नाही?" मी त्याला तो अभ्रा हाणला, ओला, तोंडावर, दोनदा. आणि मग तिथंच गोट्यांवर बसून रडले. थोर्वालनं पाठ फिरवून नांगराशी उगाच खटपट केली. अर्थात दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना कळलं होतं. आता मी पाव घ्यायला गेले की गल्ल्यावरचा विचारतो, "काय रिगमोर, आयविन दिसला का आज?" मीही हसते. हसायला येतं म्हणून हसत नाही.

मग मी एक उद्योग केला. तो गावात गेला असताना होडी पालथी घातली आणि बूड केशरी रंगानं रंगवलं. पाण्यातल्या बोयांना देतात तो रंग, झगझगीत. दोन दिवस तो त्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "असू दे. बदकं काही खालून येत नाहीत." मला केवढा विजय वाटला. रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं की तो रंग दिसेल फक्त होडी उलटली तर. म्हणजे मी इतक्या कष्टानं जे रंगवलं ते मला कधी दिसू नये अशीच मी प्रार्थना करणार. बरं, पण होडी उलटलीच नाही तर? रुंद आहे, उलटणार नाही, मीच ती तशी निवडलीय. त्याला आत बसल्या बसल्या चक्कर आली, वाफ्यात आली तशी, आणि तो कडांच्या मागं आडवा झाला तर? होडी सरळ राहील, नांगराला धरून, नाक वाऱ्याकडे, जाळं आणि बोरू जागच्या जागी. आमच्या दोघांच्या सगळ्या कामाचा तिला उपयोग होईल. थोर्वाल शेजारून जाईल आणि त्याला काही दिसणार नाही. मी किनाऱ्यावर अभ्रा घेऊन उभी असेन आणि मला वाटेल तो खूश आहे. हे डोक्यातून जात नाही. भांडी घासताना, वाचताना, चर्चमध्ये बसले असताना, सारखं तेच.

जाऊ नको असं मी एकदा म्हटलं. एकदाच. त्यानं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "मग काय करू? खिडकीत उभा राहू?" त्यात राग नव्हता, खरंच विचारत होता. मला गेला हिवाळा आठवला. त्याला घरात ठेवून थोडा थोडा घालवू की पाण्यावर पाठवून एकदम, असा तो हिशोब आहे, आणि मला तो सुटत नाही. कोणाला विचारू? मुली म्हणतील बंदूक विका. डॉक्टरीण म्हणेल तेच. ज्याला दोन्ही बाजू कळतात असा माणूस एकच आहे आणि तो फोनवर "हं" म्हणतो.

आता खरं ते लिहिते, त्याच्यासाठीच हे पत्र. त्या दिवशी थोर्वाल गेल्यावर आम्ही दोघं चालत घरी येत होतो. मी मागं. तो पुढं, ओल्या मोज्यांनी फचफच करत. फाटकाशी आल्यावर कडी काढता काढता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "व्हिगोला दिसलो असतो मी." एवढंच. आत जाऊन बूट काढले आणि पुन्हा त्यावर अक्षर नाही. पण ते खरं आहे, हो की नाही? तो कुठल्या खुंटाला डावीकडे ठेवतो, थवा वळला की टोपी किती खाली घेतो, अवघडला की कुठल्या खांद्यावर भार टाकतो, हे तुला माहीत आहे, मला नाही. इतकी वर्षं तो जेव्हा जेव्हा पाण्यावर होता तेव्हा मी घरात होते आणि तू त्याच्या पाठीला होतास. तो तुला बोलावणार नाही, आणि बोलावल्याशिवाय तू येणार नाहीस, म्हणून मी बोलावतेय. शनिवारी पहाटे तो पहिल्यांदा बंदूक घेऊन निघणार आहे. शुक्रवारच्या दुपारच्या बसनं ये, थोर्वाल गाडी घेऊन फाट्यावर थांबेल. होडीघराच्या खिडकीत तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय, खाली खोकं देऊन उंच केलीय, खुबा वाकवावा लागणार नाही. किनाऱ्यावर बसून बघत राहणं हे म्हाताऱ्या बायकांचं काम, असं तू दवाखान्यात म्हणाला होतास. मी म्हातारी आहे, बायको आहे, आणि मला ते काम येत नाही. मला माझा नवरा दिसत नाही, व्हिगो. तू ये, आणि बोट करून मला सांग की तो तिथं आहे.

तुझीच,
रिगमोर